भामरागड ते सिरोंचा : नव्वद की एकशे पासष्ट?

माझं प्रवास भत्त्याचं बिल लाल शाईचा शेरा घेऊन परत आलं. ‘अंतर जास्त दाखवले आहे. खुलासा करावा.’ मी लिहिलं होतं भामरागड ते सिरोंचा, 165 किलोमीटर. लेखा शाखेतल्या बाबूंनी मोबाईलवर पाहिलं तर निघाले सुमारे 90.

दोन्ही गावं गडचिरोली जिल्ह्यातलीच, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. मी बाबूंना म्हटलं, “भाऊ, हे हवाई अंतर आहे. विमानानं गेलो असतो तर मीच कमी लिहिलं असतं.” ते हसले नाहीत. “कागद आणा,” म्हणाले.

घरी येऊन भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उतरवला, दोरा लावला. भामरागडहून थेट सिरोंच्याकडे दोरा ताणला की खाली नुसतं जंगल आणि डोंगर. त्यावरून बस जाईल असा सलग रस्ता नाही. बस आधी जाते पश्चिमेला. हेमलकसा, ताडगाव, पेरमिली करत आलापल्लीला, साधारण 65 किलोमीटर. तिथं वळून रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा करत खाली सिरोंच्याला, आणखी शंभरेक. म्हणजे जवळपास काटकोन. शाळेत गुरुजी कर्ण काढायला लावायचे. आमच्या नशिबी दोन्ही बाजू चालणं.

आणि किलोमीटर तरी कुठे खरे? त्या प्रवासात सकाळच्या बसनं निघालो, आलापल्लीला तासभर थांबून काळी-पिवळी धरली. पुढच्या रस्त्याला नाव राष्ट्रीय महामार्गाचं, 353 सी. पण त्या दिवशी ड्रायव्हर खड्डा टाळत नव्हता, त्यातल्या त्यात उथळ खड्डा निवडत होता. शेजारच्या आजीच्या मांडीवर कोंबडीची टोपली. दर हादऱ्याला आजी टोपलीवर हात दाबायची आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटायची, बहुतेक रस्त्यालाच. सिरोंच्यात उतरलो तेव्हा प्राणहितेवर ऊन कलायला लागलं होतं.

तर कागद. कुणीतरी सांगितलं, अंतराचा दाखला एसटीकडून घे. अहेरीचं आगार आलापल्लीपासून जवळच, म्हणून पुढच्या कामाला जाताना वाट वाकडी केली. साध्या कागदावर अर्ज लिहिला : कुठून, कुठे, कोणत्या मार्गे. हे ‘मार्गे’ फार महत्त्वाचं, बरं का. तेवढं नसेल तर पुढचा बाबू पुन्हा मोबाईल काढतो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

“पावसाळ्यातलं पाहिजे जी, का उन्हाळ्यातलं?”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण पर्लकोटा नदीच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं, गाडी हेमलकशालाच थांबते, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “उन्हाळ्यातलंच द्या.” त्यांनी टप्प्यांचा तक्ता काढला, बोट फिरवत बेरीज केली, ती परत तपासली, आणि खाली गोल शिक्का मारला.

दाखला जोडून, ‘आलापल्ली मार्गे’खाली दोनदा रेघ ओढून बिल पाठवलं. तीन आठवड्यांनी मंजूर झालं. दाखल्यात आकडा माझ्यापेक्षा दोन किलोमीटरनं कमी होता. तेवढ्याचे पैसे बाबूंनी कापून घेतले.