आमची वाटचाल: एका फुटलेल्या पॅनलची गोष्ट

मी कॉम्प्युटरवर मॉडेल करायचो, पार्टनर गॅस गन, म्हणजे दाबलेल्या गॅसने तुकडा पॅनलवर झाडणारी तोफ, सांभाळायचा, एवढीच आमची कंपनी. काम एकच, विमानाच्या जेट इंजिनातल्या फॅनचं ब्लेड मुळातून तुटलं तर केसिंगने, म्हणजे फॅनभोवतीच्या कवचाने, ते आतच अडवायचं, तेही वजन न वाढवता. इंजिनवाल्यांची फायनल टेस्ट अख्ख्या इंजिनवर, रेडलाइन म्हणजे परवानगी असलेल्या कमाल स्पीडला असते आणि त्यात इंजिन गेलंच समजा, म्हणून आधी सगळं एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये फोडून बघायचं. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते पॅनल. पातळ ॲल्युमिनियम, बाहेरून केवलार या चिवट कापडाचे वेढे. आमच्या कॉम्प्युटरवरच्या रनमध्ये ब्लेडचा तुकडा ॲल्युमिनियम फाडून केवलारमध्ये अडकला, कापड बाहेर फुगलं आणि थांबलं, मी कस्टमरला व्हिडिओ पाठवून मोकळा. गनवर पहिल्याच शॉटला आरपार! पार्टनर एक शब्द बोलला नाही, तो तुकडा फडक्याने पुसून माझ्या कीबोर्डवर आणून ठेवला.

तीन आठवडे झोप नाही. चूक माझीच होती, फेल्युअर स्ट्रेन, म्हणजे मटेरियल किती ताणलं की फाटतं तो आकडा, बारीक मेशवर (मॉडेलच्या जाळीवर) बसवलेला आणि रन लवकर संपावा म्हणून मी एलिमेंट, म्हणजे त्या जाळीचे चौकोन, दुप्पट मोठे केलेले. मोठ्या एलिमेंटमध्ये स्ट्रेनचं ॲव्हरेज होतं, टोकाचा आकडा दिसतच नाही, मटेरियल उशिरा फाटतं आणि आहे त्यापेक्षा चिवट वाटतं. कळत होतं हो, पण डेडलाइन.

तेवढ्यात एक स्पर्धक, ज्यांनी आयुष्यात एक शॉट मारला नव्हता, ते आमच्या कस्टमरांकडे "त्यांचं पॅनल फुटलं" सांगत फिरले. दोन ऑर्डरी गेल्या, पगार थकले. त्यांच्या व्हिडिओत कधीच काही फुटत नाही, बरं का.

कस्टमरांपैकी एकच साहेब टिकले. म्हणाले, चुकीच्या रनचा कर्व्ह (आलेख) पुसू नका, नव्याच्या शेजारी ठेवा, मला दोन्ही लागणार. तोच आमच्या रिपोर्टचा फॉरमॅट झाला, पुढचं कामही त्यांनीच दिलं.

नवीन पोरांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. ब्लेडचं टोक आधी आदळून चेपतं, खरा घाव मागून येणाऱ्या जड मुळाचा, तेव्हा टोक अडलं म्हणून रन थांबवू नका. अवरग्लास एनर्जी, म्हणजे एलिमेंटचं खोटं वेडंवाकडं होणं रोखण्यात जाणारी एनर्जी, टोटलला इंटरनल एनर्जीच्या 10 टक्क्यांखाली दिसली तरी पार्टवार बघा. आणि नुसतं केसिंग बघू नका, 2018 मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या 1380 फ्लाइटला ब्लेड तुटलं तेव्हा काउलचे, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या झाकणाचे, तुकडे उडून खिडकी फुटली, एक प्रवासी महिला गेली. केसिंगला बसलेला धक्का काउलच्या लॅचपर्यंत जातो, तिथपर्यंत मॉडेल न्या.

मागच्या महिन्यात त्याच स्पर्धकाचा मेल आला, गन भाड्याने मिळेल का. पार्टनर म्हणतो देऊया. मी अजून रिप्लाय केलेला नाही.