क्लच बिचारा सुटला!

आजचा रविवार मित्राच्या जीपखाली. गिअरबॉक्स आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही हौसिंग (चाकांचा आस आणि त्यातले गिअर) बदलल्यापासून बेळगावच्या जांबोटी रोडला टॉप गिअरमध्ये ताशी साठलाच इंजिन ओरडायचं. सगळे म्हणाले, 'क्लच सरकतोय की!' पण आरपीएमबरोबर (इंजिनचे मिनिटाला फेरे) वेगही तेवढाच वाढत होता. क्लच सरकला असता तर नुसता आवाज वाढला असता, वेग नाही. ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) हायलाच, म्हणजे लो गिअरचाही दोष नाही. शेवटी उद्यमबागच्या मिस्त्रीमामांनी मागची दोन्ही चाकं उचलून प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) खडूची खूण केली. चाकांचा एक फेरा, शाफ्टचे पाच आणि वर थोडं. म्हणजे हौसिंगमधला क्राऊन-पिनियन (शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) ५.३८ चा! २८ इंची टायर, टॉप गिअर एकास एक (इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखेच), मग ६० ला २४०० आरपीएम होणारच. ४.२७ असता तर १९०० च्या आसपास. बदलायचा तर पुढच्या चाकांचाही बदलावा लागणार, नाहीतर दोन्हीकडचे फेरे जुळणार नाहीत आणि फोर व्हील टाकली की ट्रान्सफर केसचं काही खरं नाही. चिखलाला हाच बरा, चाकांना जोर जास्त, असं माझं मत. मित्राला मात्र हायवेनं पुण्याला जायचंय!