प्रिंटवर सही नक्की कुठे मारायची

मागच्या जुलैत मालवणातल्या एका होमस्टेवाल्या काकांनी माझ्या फोटोंचे दोन प्रिंट घेतले, दोन्ही रापणीचे (किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात त्या मासेमारीचे), उन्हाळ्यात दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे काढलेले. मी एवढा खूश की एका प्रिंटवर, फोटोतच, खालच्या ओल्या वाळूवर चंदेरी जेल पेनने झोकात सही ठोकली आणि दहा मिनिटांत बटर पेपर लावून गुंडाळीसुद्धा केली. आता आमच्याकडे जुलैत डब्यातला पापड मऊ पडतो तिथे शाई काय वाळणार. काकांकडे जाऊन उघडतो तर सहीचं शेपूट वाळूवरून थेट जाळ्यापर्यंत ओढलेलं. काका चष्मा वर करून म्हणाले, "ह्येच्यावरसून गोगलगाय गेली काय रे?"

३०८ जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड कॉटन पेपर, दुसरा प्रिंट काढून द्यावा लागला, खर्च अर्थात माझा.

तेव्हापासून फोटोच्या आत सही बंद. खरं तर ते आधीच कळायला हवं होतं, कारण बघणाऱ्याची नजर आधी त्या चमकणाऱ्या नावावर जाते आणि मग माणसांवर. आता मी कागदाला चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडतो, खाली जरा जास्त, आणि फोटोच्या कडेपासून बोटभरही नाही इतक्या अंतरावर उजवीकडे सही, डावीकडे नंबर. म्हणजे त्या फोटोचे एकूण २५ च प्रिंट काढायचे ठरवले असतील आणि हा तिसरा असेल तर ३/२५. ही लिथो-एचिंगवाल्यांची (दगडावरून किंवा धातूच्या पत्र्यावरून चित्रं छापणाऱ्यांची) जुनी पद्धत, आपण फोटोवाल्यांनी उचलली.

आणि लिहायचं साध्या पेन्सिलने, एचबी नाहीतर २बी. लोकांना हे पटत नाही, "पेन्सिल? ती तर खोडता येते!" अहो पण ग्राफाइट म्हणजे कार्बन, उन्हाने उडत नाही, दमटपणाने पसरत नाही, आणि कागदावर तिचा हलका दाब राहतो, तिरक्या उजेडात धरलं की छापलेली सही आणि हाताची सही यातला फरक दिसतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारखा नावाजलेला अमेरिकन फोटोग्राफरदेखील प्रिंट ज्या बोर्डावर चिकटवायचा त्याच्यावर, प्रिंटखाली बहुतेकदा पेन्सिलनेच सही करायचा, मग आपण कोण लागून गेलो.

फक्त ग्लॉसी कागदावर पेन्सिल उमटत नाही, नुसती घसरते. तिथे बारीक टोकाचं पिगमेंट इंकचं (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं) पेन, आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून बघायचं, आणि पावसाळा असेल तर रात्रभर उघडं ठेवायचं, घाई करायची नाही (हे कोण सांगतंय बघा).

मागे लिहायचं तर तेही पेन्सिलने, आणि कडेला. मधोमध बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे काळ्या भागात अक्षरं उठून दिसतात. मी मागे जागा, फोटो काढल्याचं वर्ष आणि प्रिंट काढल्याचं वर्ष लिहितो, दोन्ही वेगळी असतात म्हणून.

एवढं सगळं करून फ्रेमवाल्याला सांगायचं राहिलं तर काही उपयोग नाही. सावंतवाडीत एकाने माउंटची (फ्रेममध्ये फोटोभोवती लावतात त्या पुठ्ठ्याची) खिडकी फोटोच्या कडेला इतकी चपखल कापली की सही आणि नंबर दोन्ही खाली गडप. "साहेब, पांढरा भाग कशाला दाखवायचा?" त्याचंही बरोबर, मीच बोललो नव्हतो. आता खिडकी फोटोपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठी कापा असं कागदावर लिहून देतो. माउंट मात्र टाळू देत नाही, त्याने प्रिंट काचेपासून लांब राहतो, नाहीतर आपल्या दमट हवेत चिकटलाच म्हणून समजा.

काकांना नवीन प्रिंट नेऊन दिला, पेन्सिलची सही दाखवली. "इतकी बारीक?" एवढंच म्हणाले. जुना परत मागितला तर दिला नाही. त्यावर नंबर घातला नव्हता म्हणून मी तो २५ मध्ये धरत नाही, पण त्यांनी तो जेवणघरात लावलाय आणि पाहुण्यांना बोट लावून गोगलगायच दाखवतात.