नीरेची नोंदवही, दुसरे वर्ष: कठीणपणा अल्कलिनिटीच्या पुढे का गेला?

नीरा नदीच्या पाण्यावरील मागील नोंदीत मी लिहिले होते की, बेसॉल्टचा (आपल्याकडचा काळा ज्वालामुखी दगड) खडक पाण्यात किती विरघळतो हे टीडीएस मीटरवरून, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणाऱ्या मीटरवरून, ढोबळमानाने कळते. हे विधान मी मागे घेतो. ते मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरलेल्या गुणकाने गुणून आकडा दाखवते. क्षार खडकातून आले, गटारातून आले की खताच्या गोणीतून, हे त्याला ओळखता येत नाही.

म्हणून यंदा मी तीन गोष्टी अनुमापनाने (रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने रसायन घालून) मोजल्या: कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता, जी आपल्याकडे बहुतांशी बायकार्बोनेटमुळेच असते, आणि क्लोराइड. पहिल्या दोहोंचे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिहिले की त्यांची थेट तुलना करता येते आणि घरगुती साहित्यातून मिळणारी सर्वांत मोलाची माहिती याच तुलनेत असते. पावसाच्या पाण्यात आणि मातीत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जेव्हा बेसॉल्टवर काम करतो, तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम सुटतात आणि त्यांच्या जोडीला तितकेच बायकार्बोनेट तयार होते. सोडियम कठीणपणात धरला जात नसल्यामुळे निव्वळ बेसॉल्टवरच्या पाण्यात अल्कलिनिटी कठीणपणापेक्षा थोडी जास्त भरावी, अशी अपेक्षा असते.

भोरच्या वरच्या अंगाला, शेती सुरू होण्याआधीच्या एका ओढ्यावर ऑक्टोबरात नेमके हेच दिसले. लिटरमागे कठीणपणा 40 मिलिग्रॅम, अल्कलिनिटी 48 आणि क्लोराइड जेमतेम 4. क्लोराइड बेसॉल्टमधून जवळजवळ येतच नाही, एवढे ते समुद्रावरून आलेल्या पावसाचेच असावे. जगभरातील सिलिकेट खडकांच्या विदारणात, म्हणजे झिजण्यात, वातावरणातून जो कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, त्यातील सुमारे 30 टक्के वाटा एकट्या बेसॉल्टचा असल्याचा अंदाज आहे. तो हिशेब माझ्यासमोरच्या बाटलीत चालू आहे, या विचाराने मी त्या दिवशी जरा जास्तच खूश होतो, हे कबूल करतो.

खरी अडचण खालच्या अंगाला, कालव्याच्या भिजवणीतील उसाच्या पट्ट्यातून नदीकडे जाणाऱ्या एका ओढ्यावर आली. तेथे कठीणपणा 310, अल्कलिनिटी 240 आणि क्लोराइड 70 भरले. पाणी केवळ उन्हाने आणि पिकाने आटले असते, तर तिन्ही आकडे सारख्याच पटीत वाढले असते. येथे अल्कलिनिटी पाचपट, कठीणपणा जवळजवळ आठपट आणि क्लोराइड सतरापटीहून अधिक वाढले आहे. क्लोराइडचे कोडे अवघड नाही, कारण वस्तीचे सांडपाणी आणि म्युरिएट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइडचे खत) ही दोन्ही उगमस्थाने शेजारीच आहेत. कठीणपणा अल्कलिनिटीच्या 70 मिलिग्रॅम पुढे गेला, ही बाब मात्र मला महत्त्वाची वाटली.

माझा पहिला तर्क खताकडे गेला. युरियातील नत्राचे मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होते, अमोनियम सल्फेटपासून तर त्याहून अधिक. हे आम्ल मुरमातील खनिजांवर किंवा काळ्या मातीतील चुनखडीच्या खड्यांवर काम करते आणि कॅल्शियम सुटते, पण त्याच्या जोडीला नायट्रेट असते, बायकार्बोनेट नव्हे. म्हणजे खडक झिजतो, परंतु त्या झिजेपुरता हवेतील कार्बन मुळीच खर्च होत नाही. उलट चुनखडी विरघळली तर तिच्यातला कार्बन हवेत जाऊ शकतो. माणसाचा हस्तक्षेप नेहमी एकाच दिशेने जातो असेही नाही. मिसिसिपी नदीतून वाहून जाणारी अल्कलिनिटी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आणि 2008 मधील पुढच्या अभ्यासाने त्याचा संबंध मुख्यतः शेतीच्या पद्धतींशी जोडला.

हा तर्क वहीत उतरवून मी समाधानाने बाटल्या आवरत होतो, तेवढ्यात बांधावरच्या शेतकऱ्यांनी चौकशी केली. मी हकिकत सांगितल्यावर ते म्हणाले, “अहो, रान चोपण झालंय आमचं. गेल्या साली जिप्सम टाकलंय की.” चोपण म्हणजे सोडियम साचून बिघडलेली जमीन आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट! ते कठीणपणा वाढवते आणि अल्कलिनिटीला हात लावत नाही. शिवाय त्यातील कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेते, तो हिशेब वेगळाच. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि 1910 मध्येच कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी या खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. हे मला ठाऊक असूनही जिप्सम मला सुचले नाही.

पद्धतीबाबत दोन गोष्टी. गाडीत तापलेल्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पीएच वर चढतो, त्यामुळे पीएच ओढ्याकाठीच मोजावा. अल्कलिनिटी मात्र तेवढ्याने बदलत नाही, बाटलीच्या तळाशी चुना बसला तरच ती घटते. प्रवाहाचा वेग मी संत्रे सोडून मोजतो आणि पृष्ठभागावरचा वेग 0.85 ने गुणतो. पावसाळ्यात सारे आकडे उतरतात, म्हणून झीज थांबली असे समजू नये. पाणीच कितीतरी पट वाढलेले असते.

पुढील फेरीत बेरियम क्लोराइडने येणाऱ्या गढूळपणावरून सल्फेट आणि किटने नायट्रेट मोजणार आहे. त्याच शेतकऱ्यांनी जिप्सम कधीच न पडलेल्या एका रानाची चारी दाखवली आहे. उसाला पुढचे पाणी सुटले की तिथली बाटली आधी भरायची.