तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यार्थी नेमके किती?

मी उच्च शिक्षणात संस्थात्मक संशोधन करते, म्हणजे ज्या संस्थेत नोकरी करते तिचाच अभ्यास करते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आकडे तर संगणकातच असतात. मग विद्यार्थी किती, एवढं सांगायला दोन दिवस का लागतात?’

कारण ‘विद्यार्थी’ कुणाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. शुल्क भरून एकदाही वर्गात न बसलेला मुलगा मोजायचा का? नोकरी सांभाळून एकच विषय घेणारी बाई वसतिगृहाच्या लेखी शून्य, ग्रंथालयाच्या लेखी एक आणि शिकवण्याच्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्याच्या लेखी पाव. तिघंही बरोबर. म्हणून सत्रातला एक दिवस ठरवून त्या दिवसाच्या नोंदी आम्ही गोठवतो. नंतर कुणी आलं-गेलं तरी तो आकडा हलत नाही, नाहीतर गेल्या वर्षाशी तुलना कशी करणार?

टक्केवारी काढताना अंशाकडे सगळेच बघतात. घोळ असतो तो छेदात. अमेरिकेत १९९०च्या कायद्यामुळे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण महाविद्यालयांना जाहीर करावं लागतं. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत मिळाली तरी पूर्ण केली असं धरतात, ते रास्तच आहे. पण छेदात येतात ते फक्त पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेले. दुसऱ्या महाविद्यालयातून आलेली मुलगी पदवी घेऊन गेली, तरी या प्रमाणात ती कुठेच नसते. आणि इथून बाहेर पडून दुसरीकडे पदवी मिळवलेला मुलगा इथल्या हिशेबात पदवी न मिळालेल्यांतच राहतो. हे माझ्या मनाला फार लागतं.

नव्या सहकाऱ्यांना मी अमेरिकेतल्या बर्कलीचं उदाहरण देते. १९७३ साली तिथल्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे ३५. विभागवार मांडणी केली तेव्हा मात्र स्त्रियांना डावलल्याचं चित्र उरलं नाही. त्यांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे कुणालाही प्रवेश मिळणं अवघड होतं. पण म्हणून प्रश्न मिटला, असं मी मानत नाही. त्या विभागांत जागा कमी का होत्या? मुली तिकडेच का वळत होत्या? तेही विचारायला हवंच.

मध्यंतरी एका विभागाने ‘सोडून गेलेल्यां’ची यादी मागितली. संगणकाने ती क्षणात दिली. मी एकेक नाव तपासत बसले. काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता. एकीने आईच्या आजारपणात सत्र बुडवलं होतं आणि पुढच्या सत्रासाठी तिचा अर्ज आलेलाही होता. मी रकान्याचं नाव बदलून ‘या सत्रात नोंद नाही’ असं केलं, प्रत्येकापुढे कळलेलं कारण लिहिलं आणि मगच यादी पाठवली. दोन दिवस त्यातच गेले.