हात वर न करणारी मुलं

न्यू जर्सीतली आमची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होते, तेव्हा मुंबईच्या शाळा नुकत्या उघडलेल्या असतात. त्यामुळे मी घरी येते तेव्हा मला सुट्टी आणि वहिनी ऐन धबडग्यात. ती परळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते, मी तिकडे तिसरीच्या वर्गात मदतनीस. यंदा म्हणाली, "नुसती भजी खात बसू नकोस. एक दिवस वर्गावर ये, तुमच्या त्या ऑनलाइन गमती दाखव पोरांना."

गमती हा शब्द तसा बरोबरच आहे. आमच्याकडे प्रत्येक मुलासमोर क्रोमबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, असतो आणि सकाळची पहिली दहा मिनिटं पासवर्ड शोधण्यात जातात, हे मी फोनवर कधी सांगितलं नव्हतं. मग कहूट. हा नॉर्वेचा खेळ, २०१३ पासूनचा. पडद्यावर प्रश्न, उत्तराचे चार रंग, जितकं लवकर दाबाल तितके गुण जास्त. पोरं वर्ग डोक्यावर घेतात. पण महिनाभर पाहिलं, तर पहिल्या पाचात तीच ती नावं. मागच्या बाकावरची एक मुलगी प्रश्न न वाचताच लाल दाबायची. विचारलं तर म्हणाली, मी वाचेपर्यंत सगळ्यांचं झालेलं असतं. त्यानंतर वर्गाच्या बाईंना सांगून वेळ वाढवून घेतला आणि गुण काढून टाकले. थोडी ओरड झाली, होऊ दे.

परळला मी प्लिकर्स नावाचं ॲप नेलं. यात मुलांच्या हातात फक्त कागदाचं कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. वाटेल त्या उत्तराची बाजू वर धरायची. बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं उत्तर काय ते फोनवर उमटतं. शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. कार्डांचे नंबर हजेरीच्या नंबरांशी जुळवले की झालं. दादरला झेरॉक्स काढून रात्री पुठ्ठ्यावर चिकटवली.

कार्ड बघून एकाने विचारलं, "बाई, यावर जीपे होतं?" दुसरा म्हणाला, पुस्तकावर पण असतं असलं. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड त्याला ठाऊक होते. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात याच क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता, हे त्याला सांगायचं राहिलं.

वर्गात ३१ मुलं. पहिल्या फेरीत फोनने १९च ओळखली. "बंद पडलं वाटतं तुझं," वहिनी. बोटं नक्षीवर होती, आणि काहींनी कार्ड आरतीच्या ताटासारखं आडवं धरलं होतं. ते निस्तरल्यावर प्रश्न: १/४ मोठा की १/८? त्याआधी वहिनीने "समजलं ना?" विचारलं होतं आणि सगळा वर्ग "हो बाईऽऽ" म्हणाला होता.

१७ जणांनी १/८ धरलं.

वहिनी फोनकडे बघतच राहिली. "आठ मोठे ना चारपेक्षा," पुढचा एकजण म्हणाला. आमच्या तिसरीतली मुलंही नेमकी इथेच फसतात. मी लॅपटॉपवर फेट या वेबसाइटवरचा अपूर्णांकांचा खेळ काढत होते. नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प, फुकट आहे. तोवर वहिनीने डबा उघडला होता. एका चपातीचे चार तुकडे, दुसरीचे आठ. "भूक लागलीय, कुठला देऊ?" लॅपटॉप मी मिटला. तोच प्रश्न पुन्हा विचारला, २६ बरोबर.

नंतर अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती, हे विचारलं. सगळ्यांचं बरोबर! पाऊण हा शब्द घरातच असल्यावर काय. माझ्या तिकडच्या पोरांना तेवढ्यासाठी आठवडा लागतो.

मधल्या सुट्टीत वहिनी यादी बघत होती. एका नावावर बोट ठेवून म्हणाली, "हिचं दोन्ही वेळेला बरोबर? जूनपासून हिचा आवाज ऐकला नाही मी."

काल तिचा मेसेज आला. दमट हवेत कार्डं वाकली म्हणून लॅमिनेट केली, तर आता ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मी लिहिलं, मॅट लॅमिनेशन माग. उत्तर आलं, "पैसे कोण देणार, तुझा दादा?"