पानातली लंबगोल भोकं शोधत विकेन फेनला

विकेन फेनला मी जुलैत आलोय ते ब्राऊन चायना-मार्क या पतंगासाठी, पण पतंग दिसायच्या आधी त्याच्या अळीची कारागिरी दिसते. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरची ही दलदल. तिचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेकडे 1899 साली आला. लाकडी पायवाट पाण्याला अगदी खेटून जाते, त्यामुळे बूट भिजवायची गरज नाही.

सकाळी आठच्या सुमाराला, सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिलो. भर दुपारी पाणी इतकं चमकतं की पानाखालचं काहीच दिसत नाही. पोलराइज्ड चष्मा हवाच, आणि अर्ध्या मीटरवर फोकस होणारी दुर्बीण असली तर उत्तम. पॉटॅमोजेटन या पाणवनस्पतीच्या तरंगत्या पानांवर नजर ठेवायची. काठाला कात्रीने कापल्यासारखा, दोनेक सेंटिमीटरचा लंबगोल तुकडा गेलेला दिसला की समजायचं, अळी इथेच आहे. वेड्यावाकड्या बारीक भोकांची चाळण झाली असेल तर ते भुंगेऱ्यांचं काम. सुरुवातीला ही गल्लत हमखास होते.

कापलेला तुकडा अळी रेशमाने पानाच्या खालच्या बाजूला शिवते आणि त्या फटीत राहते. नाहीतर दोन तुकडे एकमेकांना शिवून सुटी खोळ करते आणि ती घेऊन तरंगते. म्हणून मोकळ्या पाण्यातला प्रत्येक हिरवा तुकडा मिनिटभर निरखतो. वाऱ्याबरोबर वाहतो तो नुसता पाला. वाऱ्याविरुद्ध सरकला, की आतून डोकं बाहेर येतं! मात्र पाण्यावर आपली सावली पडली तर ते लगेच आत जातं, आणि बराच वेळ वाट बघावी लागते.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट श्वासाची. लहान अळीच्या खोळीत पाणीच असतं, ती कातडीतून प्राणवायू घेते. पुढे कात टाकल्यावर अंगाला पाणी चिकटेनासं होतं आणि खोळीत हवा भरते. पाण्यात राहूनही ती कोरडी! हिवाळाही ती अळी म्हणूनच काढते.

पान उलटून बघायचा मोह होतो, पण अंडी खालच्याच बाजूला असतात. इथे हात लावायचा नाही.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लव्हाळ्यांतून पतंग उठतात: सुमारे अडीच सेंटिमीटर पंखविस्तार, पांढऱ्यावर तपकिरी वळणं, चिनी मातीच्या भांड्याच्या बुडावर कुंभाराची खूण असते तशी. नाव त्यावरूनच पडलंय. पाण्यावरून ते वीतभर उंचीवर, डळमळत जातात.